वायुसेनेची देखभाल युनिटं आणि त्यांचे विमानतळ: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांबरा, मुतगा, निलजी, बाळेकुंद्री या गावांतली माणसं रोज विमानं बघतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले कारागीर विमानाला लागणारे भाग बनवू शकतात आणि काही जण बनवतातही. बारावी किंवा आयटीआय झालेली मुलं वायुसेनेची जाहिरात बघून विचारायला येतात. या सगळ्यांकडून तेच तेच प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जिथे चूक झाल्यास जीव जातो, ती उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

देखभाल युनिट म्हणजे काय? स्क्वाड्रनमध्येही मेकॅनिक असतातच ना?

असतात. फरक कामाच्या खोलीचा आहे. स्क्वाड्रन म्हणजे विमानं उडवणारी तुकडी; तिथला मेकॅनिक विमान उडण्यापूर्वी आणि उतरल्यावर तपासतो, इंधन-तेल भरतो, बिघडलेला सुटा भाग काढून दुसरा बसवतो. त्याच तळावरच्या हँगरमध्ये (विमान ठेवायच्या मोठ्या शेडमध्ये) ठरावीक उड्डाण-तासांनी विमानाची झाकणं उघडून नियतकालिक तपासणी होते. त्यापुढचं काम, म्हणजे विमान पूर्ण सोडवणं, सांगाड्यातल्या भेगा शोधणं, इंजिन उघडून पाती मोजणं, हे तळावर होत नाही. त्यासाठी बेस रिपेअर डेपो असतात. सुटे भाग साठवून देशभर पुरवणारे इक्विपमेंट डेपो वेगळे. या सगळ्यांवर वायुसेनेचं मेंटेनन्स कमांड आहे. त्याची स्थापना 26 जानेवारी 1955 रोजी कानपूरला झाली, आज मुख्यालय नागपूरच्या वायुसेनानगरात आहे.

मग सांबऱ्याला विमानं दुरुस्त होतात का?

नाही. सांबऱ्याचं वायुसेना केंद्र हे प्रशिक्षणाचं केंद्र आहे, तिथे एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे. वायुसेनेत भरती झालेल्या मुलांचं पहिलं लष्करी शिक्षण इथे होतं आणि अग्निवीरवायू (चार वर्षांच्या सेवेसाठी घेतलेले वायुसैनिक) म्हणून निवडलेल्या मुलीही इथेच शिकून बाहेर पडल्या आहेत. धावपट्टी 1942 साली, दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सने बांधली. ब्रह्मदेशच्या मोहिमेसाठी तेव्हा ती प्रशिक्षणाला वापरात होती. आज शेजारी नागरी विमानतळ चालतो. त्याच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर 2017 मध्ये झालं. लढाऊ विमानाचं ओव्हरहॉल (पूर्ण सोडवून दुरुस्ती) करणारं हँगर इथे शोधू नका.

मग सीमाभागातल्या माणसाला जवळची देखभाल युनिटं कोणती?

नाशिकजवळ ओझरला 11 बेस रिपेअर डेपो आहे. वायुसेनेच्या लढाऊ विमानांची मोठी दुरुस्ती करणारा हाच डेपो. 1974 पासूनचा. मिग-29 चं आधुनिकीकरण इथे झालं आणि इथे ओव्हरहॉल झालेलं पहिलं सुखोई-30 एमकेआय एप्रिल 2018 मध्ये वायुसेनेला परत मिळालं. नाशिकलाच देवळालीत 25 इक्विपमेंट डेपो आहे. पुण्यात 9 बेस रिपेअर डेपो, दक्षिणेला तमिळनाडूत सुलूरला 5 बेस रिपेअर डेपो. कर्नाटकात बिदरला हॉक विमानांवर वैमानिक शिकतात, तिथे त्या विमानांची तळावरची देखभाल चालते, पण तो डेपो नव्हे. बंगळूरला जालहळ्ळीत तांत्रिक शिक्षणाच्या संस्था आहेत.

ही व्यवस्था आली कुठून?

ब्रिटनमधून. 1 एप्रिल 1938 रोजी रॉयल एअर फोर्सने स्वतंत्र मेंटेनन्स कमांड काढलं. त्याखाली चार ग्रुप होते: 40 नंबरकडे सामान, 41 कडे विमानांचा साठा, 42 कडे इंधन आणि दारूगोळा, 43 कडे दुरुस्ती आणि मोडक्या विमानांची उचल. कारखान्यातून निघालेलं विमान थेट लढाईला जात नसे. आधी ते केंबल, कोलर्न, सेंट ॲथन, लॉसीमथ अशा ठिकाणच्या देखभाल युनिटात येई. तिथे बंदुका, रेडिओ बसवून, ताजे बदल करून ते तयार ठेवत आणि मागणी आली की पाठवत.

या युनिटांचे विमानतळ लढाऊ तळासारखे नव्हते. एका जागी शंभर विमानं उभी केली तर एका हल्ल्यात सगळी जातील, म्हणून हँगर मैदानभर दूर दूर बांधले. काहींच्या छपरांवर माती आणि गवत टाकलं, म्हणजे वरून टेकडी वाटावी. तेही कमी पडलं तेव्हा खेड्यांच्या बाजूला गवती धावपट्ट्या करून झाडांखाली विमानं उभी केली. आज कोणत्याही देखभाल तळावर हँगर विखुरलेले आणि शस्त्रसाठा लांब दिसतो, त्यामागे हाच विचार आहे.

आपल्याकडे या परंपरेचं सर्वांत मोठं काम कानपूरच्या चकेरीत सुरू झालं. युद्ध संपल्यावर तिथे लिबरेटर बॉम्बर पडून होती, पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम नासवलेली. 1948 मध्ये एचएएल या बंगळूरच्या विमान कारखान्याच्या लोकांनी ती जागेवरच उडण्याजोगी केली. चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला उडवत नेली आणि तिथे त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. चाळीसच्या आसपास विमानं अशी परत सेवेत आली. 2 नोव्हेंबर 1948 ला त्यांच्यावर 5 नंबर स्क्वाड्रन उभी राहिली आणि लिबरेटर 1968 पर्यंत वायुसेनेत राहिली. देशाच्या वायुसेनेचा पहिला जड बॉम्बर ताफा भंगारातून उभा राहिला, आणि उभा केला तो फिटर-वेल्डरांनी. हे आपल्या शाळांतून सांगितलं गेलं पाहिजे.

विमान उडण्यापूर्वी नेमकं काय तपासतात?

विमानानुसार यादी वेगळी, पण क्रम ठरलेला असतो. आधी फॉर्म 700 वाचतात. ही त्या एका विमानाची वही. मागच्या उड्डाणात वैमानिकाने काय नोंदवलं, काय दुरुस्त झालं, कुणी सही केली, कोणता भाग किती तासांनी बदलायचा, सगळं त्यात असतं. मग नाकापासून सुरुवात करून एका दिशेने पूर्ण फेरी मारतात. टायरवर काप, ब्रेकची झीज, लँडिंग गियरच्या (चाकांच्या सांगाड्याच्या) दांड्याची चकाकी किती बाहेर आहे, कुठे तेलाचा ओघळ, इंजिनाच्या तोंडात काही पडलंय का, पात्यांना खोक, पंखावरची झाकणं नीट मिटलीत का, लाल फितीच्या पिना आणि आवरणं काढली आहेत का. फेरी मध्ये तुटली, कुणी हाक मारली, फोन आला, तर जिथे थांबलात तिथून नाही, पहिल्यापासून सुरू करायची. वगळलेली गोष्ट माणसाला आठवत नाही, कारण तिथे आपण पाहिलंच असं डोकं धरून चालतं.

शेवटी सही. ज्याने काम केलं तो, ज्याने तपासलं तो, आणि विमान ताब्यात घेणारा वैमानिक. काम उत्तम झालं पण नोंद नाही, तर ते विमान उडत नाही.

लॉकवायर म्हणजे काय आणि त्यावर एवढा भर का?

इंजिनाच्या कंपनाने नट-बोल्ट सैल होतात. ते होऊ नयेत म्हणून बोल्टच्या डोक्यातल्या भोकातून स्टेनलेस स्टीलची तार ओवून ती शेजारच्या बोल्टला पिळून बांधतात. तार बोल्टला घट्ट होण्याच्या दिशेने ओढून धरेल अशी वळवायची, हाच सगळा गाभा. उलट बांधलेली तार नसल्यासारखीच.

साधारण कामाला 0.032 इंच, म्हणजे 0.8 मिलिमीटर जाडीची तार वापरतात. या जाडीला दर इंचाला सहा ते आठ पिळे. कमी पिळे असले तर तार ढिली राहते, जास्त झाले तर ती कडक होऊन मोडते. आधी टॉर्क पान्याने बोल्ट ठरलेल्या मापावर आवळायचा. भोक नीट जागेवर आलं नाही म्हणून बोल्ट जास्त आवळू नये आणि सैलही करू नये. वॉशर बदला किंवा दुसरा बोल्ट घ्या. शेवटचं टोक तीन ते सहा पिळ्यांचं ठेवून आत वळवा, नाहीतर पुढच्या माणसाचा हात कापतो. एकदा काढलेली तार पुन्हा वापरत नाहीत, आणि कापलेला तुकडा लगेच डबीत टाकतात. खाली पडलेला तुकडा टिणकन वाजत नाही, म्हणून कापताना टोक दुसऱ्या हाताने धरून ठेवायची सवय लावावी.

नवशिक्याच्या हातून नेमकं काय चुकतं? पक्कडीने तार ओरखडते आणि ओरखड्यापासून पुढे तुटते. एकमेकांपासून लांब असलेल्या बोल्टांची साखळी एकाच तारेत ओवली जाते. अंतर जास्त असेल तर एका तारेत तीनच बोल्ट घ्यायचे, आणि तारेची लांबी 24 इंचांपुढे जाऊ द्यायची नाही. उद्यमबागेत कुठल्याही वर्कशॉपमध्ये जुन्या फ्लँजवर हा सराव करता येतो. आयटीआयच्या मुलांनी तो करावाच.

एखादं हत्यार हरवलं तर खरंच विमान थांबवतात?

हो, थांबवतात. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, रिकामी आकृती लांबून दिसते. हत्यार घेताना नावाचा बिल्ला तिथे टांगायचा. पाळी संपताना मोजणी होते आणि एक सॉकेट जरी कमी भरला तरी त्या पाळीत ज्या ज्या विमानावर काम झालं ती सगळी शोध लागेपर्यंत उभी. हत्यार तुटलं तर दोन्ही तुकडे आणून दाखवायचे.

मार्च 2023 मध्ये अमेरिकेच्या ल्यूक तळावर एफ-35 विमानाच्या इंजिनाने हातातला टॉर्च ओढून घेतला. इंजिनाचं नुकसान झालं सुमारे 39 लाख डॉलर. तपासणी करणारा माणूस शिकलेला होता, फक्त हत्यारांची मोजणी त्या क्षणी झाली नाही. हरवलेलं हत्यार स्वतःहून कळवणाऱ्याला चांगल्या युनिटात शिक्षा होत नाही. ज्या युनिटात होते, तिथे पुढचं हत्यार कुणी कळवत नाही.

इंधनात पाणी कुठून येतं आणि ते कसं शोधतात?

टाकीत अर्धवट इंधन असेल तर वरच्या हवेतली वाफ रात्री गार पडून पाणी होते. बेळगावच्या पावसाळी हवेत तर भरपूर. पाणी इंधनापेक्षा जड, ते तळाशी बसतं. वर उंचीवर त्याचे बर्फाचे कण होऊन फिल्टर तुंबतो. शिवाय पाणी आणि इंधनाच्या सीमारेषेवर बुरशी वाढते, तिचा काळपट चिकट थर टाकीचा मुलामा आणि धातू दोन्ही खातो.

म्हणून रोज टाकीच्या सर्वांत खालच्या बिंदूतून काचेच्या स्वच्छ बरणीत नमुना काढतात. बरणी गोल फिरवायची, मधल्या भोवऱ्याखाली पाण्याचे थेंब आणि माती जमते. इंधन स्वच्छ आणि लखलखीत दिसलं पाहिजे, धुरकट दिसलं तर विरघळलेलं पाणी बाहेर पडतंय असं समजा. नजरेला न दिसणाऱ्या पाण्यासाठी चाचणीची कॅप्सूल असते. सिरिंजने 5 मिलिलिटर इंधन तिच्यातून ओढायचं, पिवळ्या कागदाचा रंग हिरवट-निळा झाला की ते इंधन भरायचं नाही. एक फसगत लक्षात ठेवा. बरणीत सगळं पाणीच असेल तर तेही स्वच्छ आणि लखलखीत दिसतं! म्हणून वास घ्या आणि दोन थर आहेत का ते बघा.

भरताना आधी विमान आणि टँकर अर्थिंगला जोडायचे, मग दोघांमध्ये बाँडिंगची तार, आणि त्यानंतर नळी. काढताना क्रम उलटा. वाहत्या इंधनाने स्थिर वीज तयार होते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी हा धोका पावसाळ्यापेक्षा जास्त.

विमानाच्या टायरमध्ये नायट्रोजन का?

हवेत ऑक्सिजन आणि ओलावा असतो. उतरताना ब्रेक इतके तापतात की आतल्या रबराची वाफ ऑक्सिजनबरोबर पेट घेऊ शकते. ओलावा आतून रिमला गंज आणतो. कोरड्या नायट्रोजनने दोन्ही टळतं. लढाऊ विमानाच्या टायरचा दाब ट्रकच्या दुप्पट-तिप्पट असतो, म्हणून भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवतात. चाक दोन अर्धुकांचं असेल तर टायर पूर्ण रिकामा झाल्याशिवाय रिमच्या बोल्टला पाना लावायचा नाही. तापलेल्या चाकाजवळ पुढून किंवा मागून जायचं, बाजूने कधीच नाही, कारण फुटला तर रिमचे तुकडे बाजूला उडतात.

हायड्रॉलिक गळती हाताने तपासायची का?

कधीच नाही. 3,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाखाली सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आलेलं तेल कातडीतून थेट आत जातं. जखम बारीक दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत हात काळा पडू लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून गळती शोधा. तसं झालंच तर मलमपट्टीवर न थांबता लगेच शस्त्रक्रिया होणाऱ्या इस्पितळात जा आणि आत तेल गेलंय हे स्पष्ट सांगा. बेळगावात हायड्रॉलिकची कामं करणारे शेकडो हात आहेत, हे उत्तर त्यांच्यासाठीही तेवढंच खरं आहे.

पावसाळ्यात उभं असलेलं विमान कसं सांभाळतात?

उडणारं विमान सांभाळणं सोपं. उभं विमान लवकर खराब होतं.

इंजिनात गंजरोधक तेल फिरवून त्याची सगळी तोंडं लाल झाकणांनी बंद करतात. आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवतात. निळे दाणे गुलाबी झाले की त्या बदलायच्या किंवा भट्टीत वाळवायच्या. बॅटरी काढून वेगळ्या खोलीत ठेवून चार्ज करत राहतात. टायरचा एकच भाग दिवसेंदिवस दबू नये म्हणून ठरावीक दिवसांनी विमान थोडं ढकलतात. पोटाखालची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करतात. हे काम सर्वांत दुर्लक्षित आणि गंजाची सुरुवात बहुतेक इथूनच. प्लास्टिकचं आवरण घट्ट गुंडाळू नये, आत वाफ साठते. कापडी, हवा खेळती ठेवणारं आवरण घ्या.

आणखी एक शत्रू म्हणजे कुंभारीण माशी. वेग मोजणाऱ्या पिटो नळीत ती एका दिवसात चिखलाचं घर करते. 6 फेब्रुवारी 1996 ला बर्जनएअर या विमान कंपनीचं बोईंग 757 डॉमिनिकन प्रजासत्ताकातून उडाल्यावर समुद्रात पडलं, 189 माणसं गेली. ते विमान जवळपास तीन आठवडे उभं होतं आणि पिटो नळ्यांना आवरण घातलेलं नव्हतं. नळी बंद झाल्याने वेग चुकीचा दिसत राहिला.

ओलाव्याचं उदाहरण लष्करी आहे. 23 फेब्रुवारी 2008 ला अमेरिकेच्या ग्वाम तळावर बी-2 बॉम्बर उडता उडता पडलं. दोन्ही वैमानिक वाचले, पण विमानाची किंमत होती 140 कोटी डॉलर. हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरमध्ये पावसाळी ओल शिरली होती आणि ओल असतानाच त्यांचं माप जुळवलं गेलं. आधी हीटर चालू करून सेन्सर वाळवावेत ही युक्ती काही जणांना ठाऊक होती. ती लिखित पद्धतीत कधी आली नाही, म्हणून त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्यांना कळली नाही. आपल्याकडच्या कारखान्यांतही जुने मिस्त्री अशा युक्त्या डोक्यात ठेवून निवृत्त होतात. त्या वहीत उतरवून घ्या.

दुसऱ्या विमानातून भाग काढून बसवतात हे खरं का?

खरं आहे. भाग मिळेपर्यंत एक विमान उभं ठेवून त्यातून दुसरं चालवणं जगभर होतं. पण काम दुप्पट होतं, कारण काढताना आणि बसवताना दोन्ही विमानांची वही भरावी लागते, आणि त्या भागाचे आधीचे तास त्याच्याबरोबर जावे लागतात.

दारूगोळा साठवणाऱ्या युनिटात सर्वांत मोठी दुर्घटना कोणती?

27 नोव्हेंबर 1944, इंग्लंडमधलं फॉल्ड. रॉयल एअर फोर्सचं 21 नंबर देखभाल युनिट जुन्या जिप्सम खाणीत बॉम्ब साठवत असे. सकाळी साडेतीन हजार टनांहून अधिक स्फोटकं उडाली, सुमारे सत्तर माणसं गेली, शेजारचं शेत पूर्ण नाहीसं झालं आणि धरणाची भिंत फुटली. चौकशीत संभाव्य कारण निघालं ते असं: बॉम्बमधला डिटोनेटर (स्फोट सुरू करणारा भाग) काढायला लाकडी पट्टी वापरायचा नियम, तिथे पितळी छिन्नी वापरली गेली. देखरेखीला पुरेशी माणसं नव्हती. दारूगोळ्याच्या भोवती मातीचे बंधारे, वेगवेगळ्या प्रकारच्या स्फोटकांच्या वेगळ्या कोठ्या आणि सभोवती मोकळं अंतर ठेवतात ते यासाठी.

धावपट्टीवरचे 08 आणि 26 हे आकडे कशाचे?

दिशेचे. 08 म्हणजे चुंबकीय उत्तरेपासून सुमारे 80 अंश, 26 म्हणजे 260 अंश. सांबऱ्याची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. विमान समोरच्या वाऱ्यात उडतं आणि उतरतं, म्हणून पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असताना बहुतेक वेळा 26 वापरात असते.

बेळगाव उंचावर आहे, त्याचा विमानाला काय फरक पडतो?

बराच पडतो. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 758 मीटर, म्हणजे 2,487 फुटांवर आहे. या उंचीला प्रमाणित तापमान 10 अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी 35 अंश असेल तर 25 अंश जास्त झाले. दर अंशाला साधारण 120 फूट धरले तर 3,000 फूट वाढले. म्हणजे विमानाला वाटतं आपण जवळपास 5,500 फुटांवर आहोत. हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी, पंखाला उचल कमी, धाव लांब. सांबऱ्याची धावपट्टी 1,830 मीटरवरून 2,300 मीटर केली गेली त्यामागचं गणित मोठ्या विमानांचं आहे, आणि त्यात हाही भाग येतो. उन्हाळ्यात जड उड्डाणं सकाळी ठेवतात.

आम्ही विमानतळाशेजारी राहतो. आमच्यामुळे काय धोका होऊ शकतो?

कचरा आणि पक्षी. विमान नियम 1937 मधल्या नियम 91 प्रमाणे विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकणं किंवा जनावर कापून अवशेष टाकणं मना आहे. घार तिथेच घिरट्या घालते, आणि एक घार इंजिनात गेली तर पाती मोडतात. कोंबडीच्या दुकानांचा कचरा झाकलेल्या डब्यात जावा, यासाठी ग्रामपंचायतींनी आग्रह धरावा.

उडणारं प्लास्टिक आणि पत्र्याचे तुकडे ही दुसरी गोष्ट. धावपट्टीवर पडलेली लहान वस्तू काय करते हे 25 जुलै 2000 ला पॅरिसमध्ये दिसलं. आधीच्या विमानातून पडलेल्या 43 सेंटिमीटरच्या धातूच्या पट्टीने कॉनकॉर्ड या प्रवासी विमानाचा टायर फोडला, 113 माणसं गेली. म्हणून लष्करी तळावर रोज माणसं ओळीने चालत धावपट्टी आणि विमानं उभी राहण्याची जागा वेचतात.

गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत आकाशाकडे लेझरचे झोत सोडू नका. उतरणाऱ्या वैमानिकाला काही सेकंद काहीच दिसत नाही, आणि तेच सेकंद सर्वांत कठीण असतात.

फवारणीसाठी ड्रोन वापरायचा आहे, चालेल का?

आधी सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या ऑनलाइन नकाशावर आपलं शेत कोणत्या रंगात येतं ते बघा. ड्रोन नियम 2021 प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत हिरवा विभाग असतो, म्हणजे तिथे उडवायला परवानगी लागत नाही. त्याच्या आत परवानगी लागते, अगदी जवळ मनाई आहे. सांबऱ्याजवळ तर लष्करी केंद्रही आहे, तेव्हा भाड्याने ड्रोन आणणाऱ्यावर हे सोडू नका.

घर बांधायला ना-हरकत लागते का?

विमानतळ प्राधिकरणाच्या उंचीसाठीच्या रंगांच्या विभागीय नकाशात तुमच्या जागेला किती उंची चालते ते दिलेलं असतं. त्याहून उंच असेल तर विमानतळ प्राधिकरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज करायचा. अर्जात जागेची उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली हवी, जमिनीपासून नव्हे. अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण हेच. पाण्याची टाकी आणि मोबाईल टॉवरही उंचीत धरतात. लष्करी हद्दीच्या भिंतीलगत वर्क्स ऑफ डिफेन्स कायदा 1903 खाली वेगळी बंधनं आहेत, ती प्लॉट घेण्याआधी विचारा.

आमच्या मुलाला वायुसेनेत मेकॅनिक व्हायचंय. वाट कोणती?

अग्निवीरवायू योजनेत विज्ञान गटासाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी हवं, एकूण किमान 50 टक्के आणि इंग्रजीतही 50 टक्के. तीन वर्षांचा अभियांत्रिकी डिप्लोमाही चालतो, ठरावीक शाखांचा. परीक्षा ऑनलाइन, 60 मिनिटांत 70 प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण कमी. प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठी किंवा कन्नडमध्ये नसतात, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांनी भौतिकशास्त्राच्या इंग्रजी संज्ञा आधीच पाठ कराव्यात. धावणं 1.6 किलोमीटर, मुलांना 7 मिनिटं, मुलींना 8. सेवा चार वर्षांची, त्यानंतर 25 टक्क्यांपर्यंत कायम होतात. पगार पहिल्या वर्षी महिना 30,000 पासून चौथ्या वर्षी 40,000. वयाची तारीख दर जाहिरातीत बदलते, ती तिथूनच बघा. निपाणी-खडकलाट भागातली बरीच मुलं कोल्हापूरला शिकतात. त्यांनी अर्जात राज्य तेच लिहावं ज्याचा अधिवास दाखला हातात आहे. कागद जुळले नाहीत तर लेखी पास होऊनही मुलगा परत येतो.

आयटीआय झालेल्यांसाठी ओझरच्या 11 बेस रिपेअर डेपोत शिकाऊ उमेदवारीची शाळा आहे. मशिनिस्ट, शीट मेटल, वेल्डर, विमान इलेक्ट्रिशियन, रेडिओ-रडार मेकॅनिक, सुतार, रंगारी असे ट्रेड असतात. यात नोकरीची हमी नाही. पण ज्या मुलाने वर्षभर सुखोईच्या हँगरमध्ये पत्रा वळवला, त्याला पुढे विमान कारखान्यात कुणी नवखा म्हणत नाही. आमचं स्पष्ट मत: दहावीनंतर आयटीआय करून ही वाट धरणं, सलग तीन वर्षं नुसती भरतीची तयारी करत बसण्यापेक्षा चांगलं.

आमचा उद्यमबागेत वर्कशॉप आहे. वायुसेनेला भाग पुरवता येतील का?

येतील, पण पहिल्या वर्षी पैसे दिसणार नाहीत. हत्तरगीच्या विमान उद्योग क्षेत्रातून परदेशी विमानांचे भाग जातातच, म्हणजे हात कमी नाहीत. कमी पडतं ते कागदात. प्रत्येक तुकड्याचा धातू कोणत्या हीटचा (एका वेळी वितळवलेल्या घाण्याचा), कोणत्या प्रमाणपत्राचा, कोणत्या भट्टीत उष्णता-प्रक्रिया झाली, हे तयार भागापासून मागे जाऊन दाखवता आलं पाहिजे. एएस 9100 (विमान उद्योगाचं गुणवत्ता मानक) प्रमाणपत्र, पहिल्या नगाची पूर्ण मोजणी, मापन यंत्रांचं वेळेत कॅलिब्रेशन. लष्करी विमानाच्या भागाला बंगळूरच्या सेमिलॅकची (लष्करी विमानांची उड्डाणयोग्यता ठरवणारी संस्था) मान्यता आणि डीजीएक्यूएची (संरक्षण मंत्रालयाचं विमान-गुणवत्ता तपासणी खातं) तपासणी लागते. देशात बनवायच्या भागांची यादी संरक्षण मंत्रालयाच्या सृजन पोर्टलवर असते. सुरुवात जमिनीवरच्या साधनांपासून करा: जॅक, टोइंग बार, शिड्या, चाचणी बाक. त्यांचे नियम तुलनेने सोपे आहेत आणि हायड्रॉलिकमधलं बेळगावचं कसब तिथे थेट कामाला येतं.

एका बॅचमध्ये उरलेला तुकडा दुसऱ्या हीटच्या ढिगात गेला, एवढ्याने आख्खी बॅच नाकारली जाते. कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर हीट नंबर रंगाने नाही, पंचाने उमटवा.

कॉकपिटमध्ये बसून फोटो काढता येतो का?

प्रदर्शनात, कर्मचारी सांगतील तेव्हाच. इजेक्शन सीटखाली स्फोटकं असतात आणि पिना बसवल्याची खात्री झाल्याशिवाय मेकॅनिकही आत पाय ठेवत नाही. कुंपणाबाहेरून लष्करी केंद्राचे फोटो काढू नका.

शेतात विमानाचा तुकडा पडलेला सापडला तर?

हात लावू नका. ते न फुटलेलं काडतूस असू शकतं, आणि जळालेल्या कार्बन फायबरची कुसळं डोळ्यात व फुप्फुसात जातात. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा, मुलं आणि जनावरं दूर ठेवा, 112 ला कळवा. तुकडा उचलून घरी नेला तर तपास करणाऱ्यांना तो कुठे आणि कसा पडला हे कळत नाही, म्हणून जागेवर खुणेचा दगड ठेवून पोलीस येईपर्यंत तिथे एक जण थांबावं.